आईचा रकाना

तारीख एकोणीस जुलै, शनिवार, दुपारचे चार. मागितलेली रक्कम सात हजार दोनशे रुपये, पुढच्या बारा तासांची आगाऊ फी. जागा नाशिकला गंगापूर रोडवरचं एक वाचाउपचार केंद्र, पहिला मजला. हजर: केंद्राच्या मॅडम, मी, माझी सात वर्षांची मुलगी ईश्वरी, तिचे पप्पा, आणि आपापल्या मुलांना घेऊन आलेले पाच पालक. तीन बाया, दोन पुरुष.

महिन्यातून एकदा तिथे सगळ्यांसमोर तास व्हायचा. मुलाने आरशासमोरच्या बुटक्या खुर्चीवर बसायचं, एकेक कार्ड बघून शब्द म्हणायचा, बाकीच्यांनी बघायचं. त्या दिवशी ईश्वरीने वीस कार्डं म्हटली. रवा. रस्सी. दोरा. गाजर. भोपळी मिरची. एकोणीस बरोबर. ‘कारखाना’ला जीभ घसरली. वीस मिनिटं लागली. मी भिंतीवरचं घड्याळ बघत होते, सवय आहे.

मग मॅडम म्हणाल्या, "आता आईने बसायचं."

मला वाटलं, मुलीला काहीतरी करून दाखवायचं असेल. मी बसले. खुर्ची पहिलीच्या पोरांची. माझे गुडघे छातीपर्यंत आले. आरशात मी, माझ्यामागे उभ्या मॅडम, त्यांच्यामागे ते पाच जण.

"म्हणा, पाणी आणलं आहे."

सव्वीस वर्षं नाशिकमध्ये काढली मी. कंपनीत रोज दहा माणसांशी बोलते. पण आरशात स्वतःचे गुडघे बघत बोलायची सवय नव्हती. तोंडातून ‘पानी’ निघालं.

"परत."

"पानी आणलं आहे."

"परत."

मॅडमच्या हातात एक चपटी लाकडी काडी असायची. मुलांची जीभ वर उचलायला, खाली दाबायला ती वापरायच्या. ती काडी त्यांनी माझ्या ओठाला टेकवली. टेकवलेलीच ठेवली, आणि मान वळवून पालकांना म्हणाल्या, "बघा. मुलीचा र काही अवघड नव्हता. दुखणं इथे आहे. घरात दिवसभर हे कानावर पडणार असेल, तर मी आठवड्याच्या एका तासात काय दिवे लावू?"

एक गृहस्थ हसले. मग दुसरे. एका बाईने ओढणी तोंडाला लावली. पाचही जण हसले. मी आरशात मोजले.

"परत," मॅडम म्हणाल्या.

मी तोंड उघडलं. तेवढ्यात ईश्वरी कोपऱ्यातून उठली, माझ्यासमोर आली आणि तिने आपला तळहात माझ्या तोंडावर ठेवला. घट्ट. तिच्या बोटांना पेन्सिलीचा वास होता. ती हळूच म्हणाली, "मम्मी, तू नको ना बोलू."

मी काय केलं? मी हसले. त्या पाच जणांबरोबर मीही हसले. काडीचा खरखरीत स्पर्श ओठाला, पोरीचा हात तोंडावर, आणि मी आतल्या आत हसतेय. हे सगळ्यात आधी लिहून ठेवते, कारण पुढे मी इतरांविषयी बरंच काही लिहिणार आहे.

उठताना मॅडमनी सांगितलं, पुढचे बारा तास मायलेकी दोघींचे. भाषाशुद्धी. फी पुढच्या शनिवारपर्यंत.

"हो मॅडम," मी म्हटलं.

आता सुरुवातीपासून सांगते.

मी अंबडमधल्या एका कंपनीत स्टोअरला आहे. नटबोल्ट, बेअरिंग, ऑइल सील. काय आलं, काय गेलं, काय उरलं. वीस वर्षं हेच काम. माझ्या कप्प्यातला माल आणि माझ्या कार्डावरचा आकडा यांत कधी तफावत निघाली नाही, हे मला ओळखणारा कुणीही सांगेल. माहेर सटाण्याकडचं. आम्ही बौद्ध. अठराव्या वर्षी शिकायला नाशिकला आले तेव्हा वसतिगृहात माझ्या ‘शे’ला मुली हसायच्या. मी महिनाभरात ‘आहे’ म्हणायला शिकले. ‘माले’चं ‘मला’ केलं. अहिराणी फक्त माहेरी, फोनवर, आणि नंतर पोटच्या पोरीशी. लग्नानंतर नऊ वर्षांनी ईश्वरी झाली. तिला पहिल्यांदा छातीशी धरलं तेव्हा तोंडातून आलं ते अहिराणीच. ते काही ठरवून केलं नव्हतं.

ईश्वरीला र येत नव्हता. ती ‘ईश्वली’ होती. दोन-तीन वर्षांची असताना गोड वाटायचं, सगळे मुद्दाम बोलायला लावायचे. पहिलीत गेली तसं ते गोड राहिलं नाही. हजेरीला ती आपलं नाव सांगायची आणि मागच्या बाकावरची पोरं ते परत म्हणायची. एका दिवशी घरी येऊन म्हणाली, "माझं नाव बदल. ज्यात ते अक्षल नाय असं ठेव." तिचे पप्पा त्यावर हसले, मग गॅलरीत जाऊन उभे राहिले.

शाळेच्या बाईंनी या केंद्राचं नाव सुचवलं. अंबडला शनिवारची सुट्टी, म्हणून शनिवारचा तास घेतला. सव्वीस एप्रिलपासून.

पहिल्या दिवशी फॉर्म भरला. मॅडमनी आडनाव वाचलं. मग मला माहेरचं विचारलं. मी सांगितलं. "हे म्हणजे नक्की कुठलं?" त्यांनी पुन्हा विचारलं. मी गाव सांगितलं. त्या म्हणाल्या, "नाही, म्हणजे तुमचे लोक कोण?" मी तेही सांगितलं. मला लपवण्यासारखं काही नाही. मग ‘घरी बोलली जाणारी भाषा’ असा रकाना होता. मी ‘मराठी आणि अहिराणी’ असं लिहिलं. त्या म्हणाल्या, "हो, तुमच्या वस्त्यांमध्ये असं काहीतरी बोलतात, ऐकलंय मी."

मी गप्प बसले. खरं तर सांगायला हवं होतं की आमच्याकडे पाटलाच्या ओट्यावर तीच अहिराणी, दुकानात वाणी तीच बोलतो, देवळात पुजारीही तीच. आमच्या वस्तीची पाण्याची जागा वेगळी होती, स्मशान वेगळं होतं. बोली सगळ्यांची एक होती. तेवढीच एक होती. मॅडमनी तीही वेगळी काढून आमच्या पदरात टाकली. मी गप्प बसले, कारण पोरीला र हवा होता.

आणि खोटं लिहायचं नाही. र शिकवायला त्या हुशार होत्या. पहिल्या तासाला त्यांनी ईश्वरीच्या वरच्या दातांमागच्या उंचवट्याला बोटभर मध लावला आणि म्हणाल्या, जिभेच्या टोकाने चाटून काढ. जीभ कुठे जायला हवी ते पोरीला तेव्हा कळलं. मग घोड्याच्या टापा वाजवायच्या. मग ‘ड’ भराभर म्हणायचा, ड ड ड ड, इतक्या वेगाने की जीभ सुटी होऊन थरथरते. मग पप्पांच्या गाडीचा आवाज. घरी रोज तीन वेळा, दहा-दहा मिनिटं. ईश्वरी आरशासमोर बसून गाडी चालवायची आणि मी शेजारी वही घेऊन बसायचे. अठरा मे रोजी संध्याकाळी तिने स्वतःचं नाव पहिल्यांदा नीट घेतलं. ईश्वरी. मग खोलीभर नाचत पंचवीस-तीस वेळा घेतलं. त्या दिवसाचं श्रेय त्या बाईंचं आहे, आणि ते मी त्यांना देते.

पण त्यांनी तक्ता दिला होता.

तक्त्यात तीन रकाने. पहिला: वीस कार्डांपैकी किती र बरोबर. दुसरा: ‘घरची बोली – आई’. म्हणजे मुलीच्या कानावर पडेल असा अहिराणी शब्द मी दिवसभरात किती वेळा बोलले, तितक्या रेघा. तिसरा: रात्रीच्या जेवणाच्या अर्ध्या तासात मुलगी स्वतःहून किती वाक्यं बोलली.

"दुसरा रकाना शून्यावर आणायचा," मॅडम म्हणाल्या. "तो शून्य झाला की मुलगी सुटली समजा."

तिचे पप्पा नांदगावकडचे. ते ‘हाय’ म्हणतात, ‘लय’ म्हणतात, ‘नाय’ म्हणतात. त्यांचा रकाना नव्हता.

माझ्यासारख्या बाईच्या हातात तक्ता देऊ नये. मी तो भरते. मनापासून भरते. फ्रिजला चुंबकाने लावला, पेन्सिल दोऱ्याने बांधली. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी, जशी स्टोअरमध्ये पेट्या मोजताना मारतो. पहिल्या दिवशी माझ्या रकान्यात एकसष्ट. मी हादरले. सकाळी उठवताना ‘ऊठ व माय’, पाच वेळा. ‘जेवाले बठ’, तीन वेळा. काहीही सांडलं, पडलं, रडलं की ‘काय व्हयनं’. ती धडपडली तर माझ्या तोंडून शुद्ध मराठी येतच नव्हती. एकसष्ट चुका. एका दिवसात. मी स्वतःच्या हाताने एकसष्ट रेघा मारल्या आणि खाली बेरीज लिहून गोल केला.

मग मी कमी करायला लागले. चव्वेचाळीस. तीस. सतरा. तोंडाशी आलेलं वाक्य थांबवायचं, मनात त्याचं भाषांतर करायचं, मग बोलायचं. तोवर पोरगी खोलीतून निघून गेलेली असायची. नऊ. चार. मोठ्या सुट्टीत दरवर्षी आम्ही माझ्या माहेरी जातो, पंधरा दिवस. मॅडम म्हणाल्या, "या वर्षी अजिबात नेऊ नका. तिथे गेलात तर सगळी मेहनत पाण्यात." मी आईला फोनवर सांगितलं, कंपनीने रजा दिली नाही. आयुष्यात आईशी खोटं बोलले नव्हते. ती म्हणाली, "मंग पोरले लई ये ना एक दिन. तोंड तरी देखू दे." एक दिवस तरी पोरीला घेऊन ये, म्हणत होती. मी गॅलरीत, दार ओढून, कुजबुजत बोलत होते. आत ईश्वरी होती. काचेतून बघत होती.

मी फोन ठेवून आत आले तर ती म्हणाली, "मम्मी, मी ऐकलं नाही हां. नको लिहू."

मला ती समजूतदार वाटली. त्या वेळी मला ते एवढंच वाटलं!

सतरा जूनला माझा रकाना शून्य झाला. मी तो आकडा लाल पेनने लिहिला. तिचे पप्पा जेवताना म्हणाले, "घर लय शांत वाटतंय. तू बोल ना काहीतरी."

"काय बोलू?"

"काही बी बोल. पूर्वी तू ताटावर बसली की आम्हाला घास गिळू देत नव्हती."

मी म्हटलं, "पोरगी ऐकतेय."

शाळा सुरू झाल्यावर तिच्या वर्गाच्या बाईंनी डायरीत लिहून पाठवलं: वर्गात बोलत नाही, हजेरीला नुसता हात वर करते. मी ते मॅडमना दाखवलं. त्या म्हणाल्या, "शांत झालीय. आधी फार घाईने बोलायची ना? चांगलंच आहे." मी डायरी पिशवीत टाकली. मॅडम शिकलेल्या होत्या. मी नटबोल्ट मोजणारी.

हे सगळं त्या शनिवारच्या आधीचं. शनिवारी ती काडी, तो हात, ते हसणं.

दुसऱ्या दिवशी रविवार, म्हणजे आमचा कामाचा दिवस. स्टोअरमध्ये तपासणी होती. तपासणी म्हणजे काय, तर कार्डावर काय लिहिलंय ते बघायचं नाही, कप्पा उघडायचा आणि माल हाताने मोजायचा. कार्ड म्हणतं चारशे, कप्प्यात निघाले तीनशे नव्वद, तर खरे तीनशे नव्वद. गेली वीस वर्षं नवीन माणसाला मी हेच पहिल्या दिवशी शिकवते. कार्डाची पूजा करायची नाही. कप्पा उघड.

संध्याकाळी साडेपाचला घरी आले. चहा ठेवला. फ्रिजवरच्या तक्त्याकडे बघितलं. आणि मला आठवलं की मी तीन महिने कार्ड लिहितेय, कप्पा एकदाही उघडला नाही.

बाराही आठवड्यांचे तक्ते खाली काढले. जमिनीवर ओळीने मांडले. आठवड्याची सरासरी काढली.

र: दोन, पाच, नऊ, बारा, पंधरा, सोळा, सतरा. आठव्या आठवड्यापासून अठरा-एकोणीस. म्हणजे र जूनच्या मध्यालाच आला होता. त्यानंतरचे तास र चे नव्हतेच.

माझा रकाना: एकसष्टवरून शून्य.

तिसरा रकाना मी रोज भरत होते आणि कधी वरून खाली वाचला नव्हता. पहिल्या आठवड्यात पोरगी जेवताना अर्ध्या तासात बावन्न वाक्यं बोलत होती. ‘र’ ऐवजी ‘ल’ घालून, चुकत, ओरडत, तोंडात घास घेऊन, बावन्न. मग सत्तेचाळीस. तेहेतीस. वीस. माझी एक रेघ कमी झाली की तिचंही एक वाक्य जात होतं. मी लाल पेनने शून्य लिहिला त्या दिवशी तिची वाक्यं तीन. तीनही मला आठवतात. "पाणी दे." "पुरे." "झालं."

तिन्ही शुद्ध.

मला काही विजेचा धक्का वगैरे बसला नाही. माल गहाळ झालाय आणि किल्ली माझ्याकडेच होती, असं वाटलं.

ईश्वरी दारात उभी होती. मी तिला म्हटलं, "आठे ये व माय." इकडे ये. एवढंच. पाच आठवड्यांनी.

ती आली. माझ्या मांडीपाशी बसली. तक्त्यांच्या ढिगातून तिने शेवटचा तक्ता बरोबर ओढला, दोऱ्याची पेन्सिल घेतली आणि माझ्या रकान्यात एक उभी रेघ मारली. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "एकच लिहिली. ‘व’ आणि ‘माय’ वेगळं नाही लिहिलं."

पोरगी माझ्यावर दया करत होती.

मला सव्वीस वर्षांपूर्वीचं वसतिगृह आठवलं. तिथे निदान हसणाऱ्या मुली परक्या होत्या. माझ्या पोरीला मात्र मी स्वतः फ्रिजला तक्ता चिकटवून शिकवलं होतं की तुझ्या आईचं तोंड म्हणजे चूक. तिच्या आज्जीचं तोंड म्हणजे चूक. आणि ज्या घरात बोलणं म्हणजे रेघ पडणं, तिथे सात वर्षांच्या पोरीने काय करावं? तिने हिशोब केला. बोललंच नाही तर रेघ पडत नाही. माझीच पोरगी आहे ती.

तिचे पप्पा कामावरून आले तेव्हा मी जमिनीवरच बसले होते. मी त्यांना तिन्ही आकडे दाखवले. त्यांनी दोनदा बघितले. म्हणाले, "मला वाटायचं तू माझ्यावर रागावली हाय म्हणून बोलत नाय." मग म्हणाले, "शनिवारी जाऊच नको. सोडून दे."

"जाणार," मी म्हटलं. "न सांगता सोडणार नाही. काल पाच जणांसमोर झालं ते."

सव्वीस जुलै, शनिवार. चारला दहा कमी असताना पोचलो. तिघंही. त्या दिवशी सगळ्यांसमोरचा तास नव्हता, पण बाहेरच्या बाकावर चार पालक होते, त्यांतले दोन मागच्या शनिवारचे. ओढणीवाल्या बाई होत्या. आतलं दार उघडं होतं. मी ते उघडंच ठेवलं.

"या, बसा," मॅडम म्हणाल्या. "आज आईपासून सुरू करू."

"बसत नाही. उभ्याने बोलते."

मी तक्ते टेबलावर ठेवले. "मॅडम, र आठव्या आठवड्यात आला. तुमच्या फाइलला काय लिहिलंय?"

त्यांनी फाइल उघडली नाही. मी उघडली. र, वीसपैकी अठरा. खाली शेरा: ‘एकंदर वाणी सदोष. कारण: मातेची बोली. पुढील बारा तास आवश्यक.’

"हे कारण कुठे मोजलंत?" मी विचारलं.

"अहो, हे मोजायचं नसतं. कानाला कळतं."

"मग तिसरा रकाना कशाला भरायला लावला? मी भरला. बावन्नवरून तीन. वाचला का तुम्ही कधी?"

मॅडमनी काडी टेबलावर ठेवली. "तुम्ही इमोशनल होताय. मी मुलीच्या भल्याचंच सांगते. उद्या चार लोकांत उभी राहिली की हसतील तिला."

"मागच्या शनिवारी पाच लोक हसले. तुम्ही हसवले. माझ्या ओठाला काडी लावून."

बाहेरच्या बाकावर कुणीतरी पाय हलवला. ओढणीवाल्या बाई मोबाइलमध्ये बघायला लागल्या.

"तुम्हा लोकांचा हाच प्रॉब्लेम आहे," मॅडम म्हणाल्या. "चांगलं सांगायला गेलं की अपमान वाटतो."

तेव्हा तिचे पप्पा बोलले. तेरा शनिवारांत ते तिथे बोललेलं मला आठवत नाही. "मॅडम, ‘तुम्हा लोकांचा’ म्हणजे कोणाचा? नीट सांगा. ऐकायला माणसं हायेत."

मॅडमनी उघड्या दाराकडे बघितलं. मग त्या म्हणाल्या, "मी तसं काही म्हटलेलं नाही. तुम्हाला पुढे यायचं नसेल तर नका येऊ. फाइल मात्र केंद्राची आहे, ती मिळणार नाही."

"फाइल नको," मी म्हटलं. "शेरा खोडा."

"शेरा मी का खोडू?"

"कारण तो खोटा आहे. माझी पोरगी उद्या दुसरीकडे गेली, कुणी तुमची फाइल मागितली, तर तिच्या नावाखाली माझी बोली रोग म्हणून जाईल. मी ते जाऊ देणार नाही."

"ते माझं प्रोफेशनल मत आहे."

"बरं. मग हे माझं."

मी टेबलावरचं पेन घेतलं आणि त्या शेऱ्याच्या खाली लिहिलं: ‘आईची बोली अहिराणी आहे. तो दोष नाही. हे आईने तपासून लिहिले.’ खाली सही केली, तारीख घातली, वेळ घातली. स्टोअरमध्ये तफावत नोंदवताना लिहितो, तसं. मॅडम "अहो, अहो" करत उठल्या, तोवर शाई वाळली होती.

मग मी ईश्वरीकडे वळले. ती आरशाजवळ उभी होती. आतल्या चार भिंतींना आणि बाहेरच्या बाकाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात मी म्हटलं, "चाल व माय, घर जाऊत. आते मी बोलसू. कोन्ही काही लिखो."

तिने माझ्या तोंडावर हात ठेवला नाही. तिने दुसरंही काही केलं नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली, कुणीतरी आता रेघ मारेल म्हणून वाट बघत.

हे लिहितेय तेव्हा त्या शनिवारला तीन आठवडे झालेत. कुणाला वाटेल पोरगी लगेच घडाघडा बोलायला लागली असेल. नाही. तीन महिने गप्प करायला लागले, ते एका दुपारी परत मिळत नाहीत. मी बोलते. सकाळपासून बोलते, मोठ्याने बोलते, चहात साखर घालताना बोलते. ती ऐकते. कधी फ्रिजकडे बघते. तिथे आता काही नाही. पंधरा ऑगस्टच्या सुट्टीला आम्ही माझ्या आईकडे गेलो. रजा मिळाली नव्हती हे खोटं होतं, असं मी आईला तिच्यासमोरच सांगितलं. आई म्हणाली, "मंग माले आधीच सांगती तर त्या बाईकडे मीच येती ना, चांगली अहिराणी शिकाडती." ईश्वरी आजीच्या पाठीमागे तोंड लपवून हसली. बोलली नाही.

माझी पोरगी किती बोलते ते मी आता मोजणार नाही. कुणाला मोजू देणार नाही. तिला र शिकवायला आणखी कुणाची गरज पडली तर मी पैसे मोजून जाईन, काडी, मध, आरसा, काय लागेल ते. पण पहिल्या दिवशी, फॉर्म भरायच्या आधी सांगेन: पोरीची जीभ तपासा. माझ्या तोंडाला हात लावायचा नाही.

राहिले पैसे. पहिल्या बारा तासांचे सात हजार दोनशे एप्रिलमध्येच भरले होते, त्यांबद्दल माझी तक्रार नाही. एकोणीस जुलैचा तास तेरावा. तो एक तास, दर सहाशे. त्यातली वीस मिनिटं ईश्वरीच्या र साठी गेली. चाळीस मिनिटं मला आरशासमोर बसवण्यात आणि हसण्यात. सव्वीस जुलैला बाहेर पडताना मी दोनशे रुपये मॅडमच्या हातात रोख दिले आणि पावती मागितली. त्यांनी ‘शिल्लक चारशे’ असं लिहिलं. मी सांगितलं, शिल्लक काही नाही. त्यांनी पावती बदलून दिली नाही. ती तशीच माझ्याकडे आहे. ते चारशे मी दिलेले नाहीत आणि देणार नाही.